नवी साईट चालू झाली आणि जुनी गिऱ्हाईकं गायब: काय तपासायचं, कसं दुरुस्त करायचं

मार्चचा पहिला आठवडा होता आणि देवगडकडच्या एका बागायतदार काकांचा फोन आला, "अरे साईट नवीन झाली ती बरी दिसता, पण जुनी गिरायकां खंय गेली?" त्यांची जुनी साईट २००९ सालची, नवीन केली होती सप्टेंबरात, म्हणजे मधले पाच-सहा महिने कुणालाच काही कळलं नव्हतं. साईट उघडत होती, फोटो झकास होते, मोबाईलवर नीट दिसत होती, मग बिघडलंय काय ते कुणाला सांगताच येईना. फक्त दरवर्षी मार्च लागला की ठाणे, डोंबिवली, पुण्याहून ज्यांच्या पेट्या न सांगता बुक व्हायच्या ते लोक आलेच नव्हते.

आपल्या पट्ट्यात हा प्रॉब्लेम मी आता तिसऱ्यांदा बघतोय. आधी तारकर्लीकडचं एक होमस्टे, मग वेंगुर्ल्याकडचा एक काजूवाला, आणि आता हे काका. तिन्ही साईट करणारे वेगळे, पैसे घेतलेले वेगळे, पण चुका जवळपास त्याच, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इंटरनेटवर साईट बदलण्याबद्दल जे सल्ले मिळतात ते रोज किंवा आठवड्याला येणाऱ्या गिऱ्हाईकाचा विचार करून दिलेले असतात. आपलं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. आंब्याचं एप्रिलमध्ये, होमस्टेचं मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, गणपतीला गाडी बुक करणारं श्रावणात. त्यामुळे सप्टेंबरात केलेली चूक मार्चमध्ये कळते आणि तोपर्यंत जुनं होस्टिंग (साईट ठेवलेली भाड्याची जागा) बंद, बॅकअप गेलेला, साईट करणारा दुसऱ्या कामात. म्हणून खाली जिथे जिथे मी मुदत सांगतोय तिथे ती मुद्दाम लांब धरलीय.

पहिल्यांदा कोडला हात लावू नका, फोन लावा

जुन्या वहीतून किंवा डेटाबेसमधून नेहमीची चार-पाच गिऱ्हाईकं काढा आणि त्यांना विचारा, "यंदा ऑर्डर द्यायला गेलात तेव्हा नेमकं काय दिसलं?" बस एवढंच विचारा, आपण सुचवू नका. उत्तरं चार प्रकारची येतात. साईट उघडलीच नाही, किंवा लाल पान आलं. साईट उघडली पण "पान सापडलं नाही" असं आलं. साईट उघडली पण आत जाता येईना. आणि चौथं, जे सगळ्यात जास्त दुखतं, "उघडलं सगळं, पण ती तुमची वाटलीच नाही, म्हणून नाय दिली ऑर्डर." चारही आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी. काकांच्या बाबतीत मी पाच फोन केले आणि चारही उत्तरं मिळाली.

डोंबिवलीचे एक आजोबा, त्यांनी मला फोनवर जे वाचून दाखवलं त्यावरून पहिला धागा मिळाला. त्यांच्याकडे २०१४ सालच्या पेटीचं झाकण होतं. पातळ लाकडी फळी, तिच्यावर हिरवा स्टिकर आणि स्टिकरवर साईटचा पूर्ण पत्ता, शेवटी "ऑर्डर डॉट एएसपी" असं छापलेलं, त्यातला पहिला "ओ" कॅपिटल. आजोबा दरवर्षी ते झाकण काढतात, चष्मा लावतात आणि अक्षर न अक्षर बघून टाईप करतात. गूगलवर शोधणं वगैरे त्यांच्या वाटेलाच नाही. नव्या साईटवर ते पानच नव्हतं, त्यामुळे त्यांना इंग्रजीत ४०४ (पान सापडलं नाही) आणि एक रडका चेहरा दिसला, त्यांनी समजून घेतलं की काकांनी धंदा बंद केला. एवढं जुनं नातं एका पानापायी तुटत होतं, हे मला खरंच लागलं.

जुने पत्ते जिवंत ठेवणं

पहिलं काम यादीचं. जुन्या साईटवर जेवढी पानं होती त्या सगळ्यांचे पत्ते आणि प्रत्येकासमोर नव्या साईटवरचं तेच किंवा त्याला सर्वात जवळचं पान. एक्सेलच्या दोन कॉलममध्ये होतं, पन्नास-साठ पानांची साईट असेल तर एक दुपार लागते.

पत्ते मिळवायचे कुठून? जुन्या होस्टिंगचा ॲक्सेस लॉग, म्हणजे कुठलं पान कधी उघडलं गेलं त्याची नोंद, असेल तर उत्तम, पण इथेच आपली मेख आहे. शेअर्ड (अनेक साईटींत वाटलेल्या) होस्टिंगवर लॉग बहुतेक वेळा महिनाभराचाच ठेवलेला असतो, आणि सप्टेंबरचा लॉग काढलात तर त्यात आंब्याचं गिऱ्हाईक दिसणारच नाही. लॉग एप्रिल-मे मधला पाहिजे. म्हणून ज्यांना पुढच्या वर्षी साईट बदलायचीय त्यांनी या सीझनलाच लॉग उतरवून ठेवायला सुरुवात करा. गूगल सर्च कन्सोल, म्हणजे गूगलवरून आपल्या कुठल्या पानावर किती लोक आले ते दाखवणारी सोय, जोडलेलं असेल तर त्यात मागच्या १६ महिन्यांचा हिशोब मिळतो, म्हणजे एक अख्खा सीझन नक्की सापडतो. आणि काहीच नसेल, जुनं होस्टिंगसुद्धा बंद झालं असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपला पत्ता टाकून बघा, काकांची जुनी पानं मला तिथूनच मिळाली. मग छापील गोष्टी: पेटीवरचे स्टिकर, व्हिजिटिंग कार्ड, एसटी स्टँडसमोरचा बोर्ड, बिलबुक, जुन्या फेसबुक पोस्टी, गूगल मॅपवरची लिंक. छापलेला पत्ता आपण परत बोलावून बदलू शकत नाही, तो लोकांच्या घरात आहे.

यादी झाली की प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर रीडायरेक्ट लावायचा, म्हणजे जुना पत्ता टाकला की आपोआप नवं पान उघडतं. त्याचे दोन कोड असतात: कायमच्या बदलासाठी ३०१, तात्पुरत्यासाठी ३०२. माझी सवय अशी की पहिले काही दिवस ३०२ ठेवतो, सगळं तपासतो आणि मग ३०१ करतो, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीच्या पानावर एकदा ३०१ गेला तर तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलं तरी त्या माणसाच्या फोनमध्ये जुनीच चूक बराच काळ राहू शकते.

यात मी बघितलेल्या चुका सांगतो.

सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजवर पाठवणं. करायला एक ओळ लागते म्हणून सगळे करतात. पण माणूस "५ डझनाची पेटी" या पानावर यायला निघालाय आणि तुम्ही त्याला अंगणात सोडून दिलंत तर तो गोंधळतो, आणि गूगलसुद्धा अशा रीडायरेक्टला बऱ्याचदा सॉफ्ट ४०४ म्हणजे पान नसल्यासारखंच धरतं. ज्याला खरंच पर्याय नाही ते पान सरळ ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलं) देऊ दे, फक्त त्या पानावर मराठीत दोन ओळी आणि मोठ्या अक्षरात फोन नंबर असू दे.

कॅपिटल-स्मॉलचा घोळ. काकांची जुनी साईट विंडोज होस्टिंगवर होती, तिथे मोठा ओ आणि छोटा ओ एकच. नवी लिनक्सवर, तिथे दोन्ही वेगळी पानं. साईट करणाऱ्याने रीडायरेक्ट लावले होते, नाही असं नाही, पण सगळे स्मॉल अक्षरांत, आणि स्टिकरवर कॅपिटल. आजोबा तिथेच अडकले. अपाचेमध्ये, म्हणजे पानं पुरवणाऱ्या सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये, नियमाच्या शेवटी "एनसी" हा फ्लॅग लावला की मोठं-छोटं बघितलं जात नाही, दोन अक्षरांचं काम होतं ते.

प्रश्नचिन्हानंतरचा भाग. जुन्या साईटींवर "प्रॉडक्ट डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर १४" असे पत्ते असतात. अपाचेचा साधा रीराइट (पत्ता बदलायचा) नियम प्रश्नचिन्हानंतरचं बघतच नाही, त्यासाठी क्वेरी स्ट्रिंगची वेगळी अट लिहावी लागते. ती नसली तर सगळे आयडी एकाच पानावर जातात आणि पायरी मागणाऱ्याला हापूस दिसतो.

साखळी. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढून, मग नव्या पानावर, असे तीन-तीन टप्पे. गूगलबॉट, म्हणजे साईटी वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, १० टप्प्यांपर्यंत मागोवा घेतो, पण आचऱ्याच्या खाडीकडे एकच दांडी असलेल्या नेटवर प्रत्येक टप्पा म्हणजे वेगळी वाट बघणं. जुन्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर एका उडीत न्या.

आणि हे रीडायरेक्ट किती दिवस ठेवायचे? गूगल स्वतः म्हणतं किमान १ वर्ष ठेवा. मी म्हणतो आपल्याकडे दोन पूर्ण सीझनच्या आत काढायचेच नाहीत, आणि पेटीवर छापलेले पत्ते तर कायमचे ठेवा, दोन-चार ओळींनी सर्व्हरला काही ओझं होत नाही.

साईट गूगलवर दिसतच नाही

वेंगुर्ल्याच्या काजूवाल्याचं हे झालं होतं. नवी साईट तयार होत असताना गूगलने ती बघू नये म्हणून एक खूण करून ठेवतात, वर्डप्रेसमध्ये रीडिंग सेटिंगमध्ये "सर्च इंजिनांना परावृत्त करा" अशा अर्थाचा चौकोन असतो तो. साईट चालू केली, चौकोन तसाच राहिला. दोन महिन्यांत नाव टाकूनही साईट वर येईना आणि सगळे म्हणत होते गूगलला पैसे भरावे लागतात. पैसे नाही, टिकमार्क काढावी लागते. रोबोट्स फाईलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी काय बघू नये ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, "डिसअलाऊ" आणि पुढे नुसती एक तिरकी रेघ दिसली तरी तोच अर्थ. हे ३० सेकंदात तपासून होतं, सगळ्यात आधी बघा.

शक्य असेल तर डोमेन, म्हणजे साईटचं नाव, बदलूच नका. नवं नाव कितीही छान असलं तरी. बदलायचंच झालं तर सर्च कन्सोलमध्ये "चेंज ऑफ ॲड्रेस" नावाची सोय आहे ती वापरा आणि जुनं डोमेन दरवर्षी रिन्यू करत रहा. आणि हे डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. होमस्टेवाल्या ताईंचं डोमेन पहिल्या साईटवाल्याच्या ईमेलवर होतं, तो पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि ते मिळवेपर्यंत आख्खी दिवाळी गेली. डोमेन मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या नावावर, यात भीड ठेवू नका.

लाल पान

"तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असं कुणी सांगितलं तर दोन शक्यता. एक, सर्टिफिकेट (साईटच्या सुरक्षित कनेक्शनचा दाखला) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्यासाठी घेतलेलंच नाही, फक्त त्याशिवायच्या पत्त्यासाठी आहे. रीडायरेक्ट असला तरी उपयोग नाही कारण लाल पान रीडायरेक्टच्या आधी येतं. पत्त्याच्या चारही तऱ्हा, म्हणजे एस असलेली-नसलेली, तीन डब्ल्यू असलेली-नसलेली, हाताने टाईप करून बघा. दुसरी, गिऱ्हाईकाचा फोनच फार जुना. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकटची सर्टिफिकेटं अँड्रॉइड ७.० आणि त्याआधीच्या फोनवरच्या क्रोमला २०२४ पासून ओळखता येत नाहीत, त्या फोनवर फायरफॉक्स टाकता आला तर चालतं कारण तो विश्वासू सर्टिफिकेटांची स्वतःची यादी बाळगतो. ज्यांचं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं आहे त्यांच्याकडे असे फोन निघतात, एक तरी जुना हँडसेट तपासायला घरात ठेवा.

मराठी अक्षरांचा खेळ, इथे जरा थांबूया

हा भाग इंग्रजी मार्गदर्शनात सहसा मिळत नाही आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जुन्या साईटला हा रोग आहे. २००९-१० पर्यंत कितीतरी मराठी साईटी शिवाजी, किरण, कृतिदेव, श्रीलिपी असल्या फाँटमध्ये केलेल्या. त्या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त चेहरा मराठीचा. फाँट काढला की मागे इंग्रजी गिचमिड उरते. इंटरनेट एक्सप्लोरर होता तोवर त्यात फाँट पाठवून काम भागत होतं, तो मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला बंद केला.

नवी साईट करताना हा मजकूर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईकांची नावं-पत्ते युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावे लागतात. कन्व्हर्टर पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उलट, वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र अक्षराच्या आधी. कन्व्हर्टर चांगला नसेल तर या दोन जागी हमखास घसरतो. तपासायला विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावाचं नाव घ्या, त्यात वेलांटी पण आहे आणि रफार पण. काकांच्या यादीत गिर्येच्या माणसांचा पत्ता "गियेर्" झाला होता, आणि तो कुरियरच्या लेबलवर तसाच छापला जाणार होता. वेंगुर्ला, कुर्ला, दिवा, गिरगाव एवढी नावं आधी डोळ्यांनी बघा, ती बरोबर असली तर बाकी बरंच बरोबर असतं.

दुसरी गंमत त्याहून छुपी आहे. "गिऱ्हाईक" मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन मधे न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकून. डोळ्यांना दोन्ही एकच. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तसंच "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही टाईप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. त्यामुळे जुन्या यादीतलं "कऱ्हाड" एका प्रकारचं आणि नव्या फोनच्या कीबोर्डचं दुसऱ्या प्रकारचं, शोधलं की "नोंद सापडली नाही". डेटा नव्या घरात टाकण्याआधी सगळं एकाच प्रकाराचं करून घ्या आणि सर्चच्या खिडकीत जे टाईप होईल त्यालाही तोच नियम लावा.

आणि जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमधून आणल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर लगेच थांबा. प्रश्नचिन्हं म्हणजे मूळ अक्षर गेलं, ते त्या कॉपीतून परत येत नाही, मूळ डेटाबेसमधून कॅरेक्टर सेट (अक्षरं वाचायची पद्धत) नीट लावून परत काढावं लागतं. टोपीवाली विचित्र युरोपियन अक्षरं दिसली तर तेवढी काळजी नाही, ती बहुतेक वेळा फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचली गेलीत, परत फिरवता येतात. म्हणूनच मूळ डेटाबेस पुसायचा नाही म्हणजे नाही.

मेल बंद पडले

साईट हलवताना नेमसर्व्हर (डोमेन कुठे जातं ते सांगणारे सर्व्हर) बदलतात आणि त्याबरोबर एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी ओळ, न्यायचं विसरतात. साईट नव्या सर्व्हरवर छान चालते पण ऑर्डरीचे मेल कुठेच पोचत नाहीत. पाठवणाऱ्याला परत आलेला मेल दिसतो, आपल्याला काहीच दिसत नाही. बदलाआधी जुन्या डीएनएसच्या (डोमेनच्या या नोंदवहीच्या) सगळ्या ओळींचा फोटो काढून ठेवा, एमएक्स, एसपीएफची (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी) टीएक्सटी ओळ, सगळं. टीटीएल, म्हणजे जुनी ओळ किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, दोन दिवस आधी ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणा म्हणजे एखादी ओळ चुकली तर उलटायला दिवस न जाता बहुतेक ठिकाणी पाच-दहा मिनिटांत होतं.

आत जाता येत नाही

जुन्या साईटीवर पासवर्ड बऱ्याचदा एमडी५ या जुन्या पद्धतीने गुप्त रूपात बदलून ठेवलेले असतात. ते असुरक्षित आहेत, बदललेच पाहिजेत, यात वाद नाही. पण साईट करणारा काय करतो, सगळे पासवर्ड टाकून देतो आणि सगळ्यांना मेल पाठवतो की नवीन पासवर्ड बनवा. आता बघा, २०११ साली दिलेला ईमेल कुणाचा? मुलाने कॉलेजात असताना काढून दिलेला. मुलगा आता परगावी. मेल वाचला कुणी? कुणीच नाही.

याला सोपा उपाय आहे. जुना एमडी५ जसा आहे तसा घ्यायचा आणि त्यालाच बीक्रिप्टमध्ये, म्हणजे फोडायला खूप कठीण अशा नव्या पद्धतीत, गुंडाळून नव्या डेटाबेसमध्ये ठेवायचा, शेजारी एका कॉलममध्ये "जुना" अशी खूण. माणूस जुनाच पासवर्ड टाकतो, आपण आधी एमडी५ करतो, मग बीक्रिप्टशी ताडून बघतो, जुळलं तर त्याच क्षणी मूळ पासवर्डचा सरळ बीक्रिप्ट करून ठेवतो आणि खूण काढतो. गिऱ्हाईकाला कळतसुद्धा नाही की काही बदललं. मी काकांकडे हे केलं, अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि डेटाबेसमध्ये उघडा एमडी५ एक पण राहिला नाही. जुन्या साईटने आधी सॉल्ट (पासवर्डला जोडलेली जादा अक्षरं) लावलं असेल तर तेही सोबत आणा, नाहीतर एकही जुळणार नाही.

ओटीपीवर जायचं म्हणत असाल तर जा, पण दोन गोष्टी. भारतात ओटीपीचा एसएमएस पाठवायला डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नाव, हेडर (पाठवणाऱ्याची खूण) आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ते मार्चमध्ये सुरू करू नका. आणि जुन्या यादीतले नंबर कुठे शून्य लावून, कुठे अधिक ९१ लावून, कुठे मधे जागा सोडून लिहिलेले असतात, सगळे १० आकडी करून घ्या, नाहीतर एकाच काकूंची तीन खाती होतील आणि त्यांच्या मागच्या ऑर्डरी तिसऱ्याच खात्यात दिसतील. ज्यांचा नंबर बदललाय त्यांच्यासाठी फोन करून खातं जोडून देण्याची सोय ठेवा, माणूस ठेवा, त्याला पर्याय नाही. आणि ही गिऱ्हाईकांची यादी व्हॉट्सॲपवरून इकडेतिकडे फिरवू नका, लोकांनी विश्वासाने दिलेले घरचे पत्ते आहेत ते.

सगळं चालतंय तरी ऑर्डर नाही

हे शोधायला मला सगळ्यात वेळ लागला. ठाण्याच्या एका काकू म्हणाल्या, "पूर्वी मी लिहायचे, दोन पेट्या, पाच डझनाच्या, अक्षय तृतीयेच्या आधी पाठवा. आता तो विचारतो किती किलो. मला काय माहीत किती किलो?" नव्या साईटीवर सगळं वजनात केलेलं, वर बास्केट, कूपन, मॅपवर पिन टाका, तारीख निवडा. जुन्या साईटीवर एकच फॉर्म होता, नाव, पत्ता, किती डझन, आणि खाली एक मोठा रिकामा चौकोन "काही सांगायचं असल्यास". त्या चौकोनात लोक काय काय लिहायचे ते मी जुन्या डेटात वाचलं. "मागच्या वर्षी दोन फळं लागली होती, यंदा बघून भरा." "आई गेली, यंदा एकच पेटी." "थोडे कच्चे द्या, मुलगी मेच्या शेवटी येणारे." हे वाचल्यावर मला कळलं की तो चौकोन म्हणजे ऑर्डरचा फॉर्म नव्हताच, ते पत्र होतं, आणि आपण नव्या साईटीत पत्र लिहायची जागाच बंद करून टाकली होती.

आम्ही तोच फॉर्म परत आणला. नवीन दुकान तसंच ठेवलं, ज्यांना कार्डने पैसे भरायचेत ते भरतात, पण होमपेजवर वरच एक बटण लावलं, "नेहमीप्रमाणे ऑर्डर द्या". आत तेच चार रकाने, त्याच क्रमाने, तेच शब्द, डझन आणि पेटी, आणि तो चौकोन. काकांचा जुना फोटो, बागेत काठी घेऊन उभे असलेला, तोही परत लावला, कारण दोघांनी तरी विचारलं होतं की बाग विकली का. माझं स्पष्ट मत झालंय, नवी साईट दिसायला कितीही बदला पण शब्द, क्रम आणि ओळखीचा चेहरा एकदम बदलू नका.

कधी बदलायची

आंबेवाल्यांनी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, पण काम संपल्यावर डिसेंबरात, म्हणजे मोहोर धरत असताना, परत एकदा आख्खी तपासणी करायची आणि दहा जुन्या गिऱ्हाईकांकडून खोटी ऑर्डर टाकून घ्यायची. होमस्टेवाल्यांनी जुलै बरा, पण गणपतीच्या आधी पंधरा दिवस हात लावू नका. भर पावसात लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, तेव्हा स्विच करायच्या दिवशी काम करणारा माणूस लाईट न जाणाऱ्या ठिकाणी बसलेला असू दे.

आणि ज्यांचं आधीच बिघडलंय, सीझन तोंडावर आहे, त्यांनी क्रम असा ठेवा: आधी सर्च इंजिनची टिकमार्क आणि सर्टिफिकेट, त्याच दिवशी. मग एमएक्स. मग छापील पत्त्यांचे रीडायरेक्ट. मग जुना फॉर्म. अक्षरांचं आणि पासवर्डचं काम त्यानंतर, पण मूळ डेटाबेसची प्रत पहिल्या तासातच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट करणार असाल तर एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून नुसत्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका, सर्वात जुन्या गिऱ्हाईकांना सरळ फोन लावा.

काकांकडे हे सगळं करायला अकरा दिवस लागले. जुनं होस्टिंग बंद झालं होतं तरी त्यांच्या भाच्याच्या हार्डडिस्कवर डेटाबेसची प्रत निघाली म्हणून निभावलं. आता ४०४ चा लॉग दर सोमवारी मी स्वतः बघतो, त्यात जुना पत्ता दिसला की त्याच दिवशी त्याला नवीन पानाशी जोडतो. मार्चच्या शेवटच्या सोमवारी लॉगमध्ये मोठ्या ओ ची ती ओळ दिसली, डोंबिवलीच्या आजोबांचीच असणार, ३०१ लागून पुढे फॉर्मवर गेलेली, आणि सात मिनिटांनी खालच्या चौकोनात आलं होतं, "दोन पेट्या. साईट परत चालू केल्याबद्दल आभार."